मृदा भूकंप-प्रतिसाद विश्लेषण प्रणाली

मृदा भूकंप-प्रतिसाद विश्लेषण प्रणाली म्हणजे भूकंपाच्या वेळी मातीचे थर कसे हादरतील याचे गणित मांडणारी संगणक प्रणाली होय. कातळातून वर येणारी कंपने मातीतून जाताना बदलतात. काही वारंवारतेची कंपने वाढतात, तर काही क्षीण होतात. १९८५च्या भूकंपात केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मेक्सिको सिटीत जुन्या सरोवराच्या मऊ गाळावरील इमारतींची मोठी हानी झाली, ती याच कारणाने.

कार्यपद्धती

प्रत्येक थराची जाडी, घनता आणि कर्तन तरंगांचा वेग ही माहिती प्रणालीस पुरवली जाते. त्यासोबत कातळावरील कंपनांची नोंदही दिली जाते. मातीच्या थराचा नैसर्गिक आवर्तकाल हा थराच्या जाडीच्या चौपटीस तरंगवेगाने भागले असता मिळतो. उदाहरणार्थ, ५ मीटर जाडीच्या थरात वेग सेकंदाला २०० मीटर असल्यास आवर्तकाल ०.१ सेकंद येतो, तर २० मीटर जाडीस तो ०.४ सेकंद होतो. बुटक्या, ताठर घरांचा आवर्तकाल पहिल्या आकड्याच्या आसपास असल्याने पातळ थरही त्यांना घातक ठरू शकतो.

हादरा तीव्र झाला की माती मऊ पडते आणि अधिक ऊर्जा शोषते. हे लक्षात घेण्यासाठी 'समतुल्य रेषीय' पद्धतीत पुनःपुन्हा आकडेमोड केली जाते. अरेषीय पद्धतीत मातीचे वर्तन क्षणाक्षणाने मांडले जाते.

प्रमुख प्रणाली

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील श्नाबेल, लायस्मर आणि सीड यांनी १९७२ साली 'शेक' ही प्रणाली तयार केली. तिची सुधारित आवृत्ती 'शेक९१' होय. इलिनॉय विद्यापीठात युसेफ हशाश यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेली 'डीपसॉइल' दोन्ही पद्धतींनी विश्लेषण करते.

मराठवाड्यातील संदर्भ

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात ६.२ क्षमतेचा भूकंप होऊन हजारो लोक मृत्युमुखी पडले. तोवर हा भाग भूकंपदृष्ट्या सर्वांत सुरक्षित क्षेत्रात गणला जात असे. भारतीय मानक १८९३ च्या २००२ सालच्या आवृत्तीत तो तिसऱ्या क्षेत्रात आला. बीड जिल्ह्यातील धारूर किल्लारीपासून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर, बालाघाट डोंगररांगेत वसले आहे. या प्रदेशात बेसाल्ट कातळावर मुरूम आणि त्यावर काळी माती आढळते. डोंगरमाथ्यावर मातीचा थर पातळ, तर सखल भागात जाड असतो. त्यामुळे एकाच तालुक्यातील दोन गावांना एकाच भूकंपाचा वेगवेगळा हादरा बसू शकतो. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तिचा ताठरपणा कोणत्या ऋतूत मोजला, याची नोंद आवश्यक ठरते.

मर्यादा

एकमितीय प्रणालीत थर आडवे आणि तरंग खालून सरळ वर येतात असे गृहीत धरले जाते. धारूरसारख्या डोंगरकडेच्या ठिकाणी हे गृहीतक अपुरे पडते. उतार आणि कड्यांचा परिणाम तपासण्यासाठी द्विमितीय किंवा त्रिमितीय प्रतिमान लागते. शिवाय ही प्रणाली जमिनीचा हादरा सांगते, घराचे सामर्थ्य नव्हे. किल्लारीतील मनुष्यहानीचे मुख्य कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील जड धाबी हे होते. त्यामुळे मृदा-विश्लेषण हे भूकंपरोधक बांधकामाला पूरक ठरते, त्याचा पर्याय ठरत नाही.