आसातील दातांचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेल्या विलीस जीपच्या आसात क्राऊन चक्राला ३९ आणि त्याला फिरविणाऱ्या पिनियनला ८ दात होते. परंतु १९४५ साली त्याच जीपची सीजे-२ए ही नागरी आवृत्ती शेतकऱ्यांची नांगर-अवजारे ओढण्याच्या उद्देशाने बाजारात आली, तेव्हा पिनियन ८ दातांचेच ठेवून क्राऊनचे दात ४३ करण्यात आले. टायर त्याच मापाचे असूनही केवळ चार दातांच्या या फेरफाराने ४.८८ चे प्रमाण ५.३८ वर गेले आणि चाकाशी येणारा रेटा सुमारे दहा टक्क्यांनी वाढला. पुढे महिंद्रांनी मुंबईत जिची जुळणी केली ती जीप याच कुळातली. म्हणून सह्याद्रीच्या आडवाटांवर गाडी घालणाऱ्या आपल्याकडील हौशी मंडळींनीही हा दाखला ध्यानी ठेवावा. आसातील जोडी कामाच्या स्वरूपावरून निवडावयाची असते, हे त्यातले तत्त्व.

इंजिनाची गती गिअरबॉक्समधून दांड्यावाटे पिनियनपर्यंत येते, आणि पिनियन क्राऊनला फिरवून ती काटकोनात वळवीत चाकांच्या स्वाधीन करते. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले असता जो आकडा येतो ते प्रमाण, आणि तितक्या वेळा पिनियन फिरल्यावर चाकाचा एक फेरा पुरा होतो. आकडा मोठा असला म्हणजे चढावर जोर अधिक. परंतु त्याच वेगासाठी इंजिनाला फेरेही अधिक घ्यावे लागतात व सडकेवर इंधन जास्त जळते.

जोडी बदलण्याची गरज बहुधा टायरमुळे उद्भवते. खडकाळ वाटेवर गाडीचे पोट वर राहावे म्हणून मालक मोठ्या व्यासाचे टायर चढवितो, आणि मग सपाट रस्त्यावरही गाडी वरच्या गिअरात दमू लागते. ४.१० प्रमाणाची आणि ३२ इंची टायरांची जीप रँग्लर रुबिकॉन घ्या: ताशी ९० किलोमीटर वेगाने, सरळ गिअरात, तिचे इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेते, ३७ इंची टायर लावले की तेच फेरे २,०८० च्या आसपास उतरतात. पूर्वस्थिती आणावयाची तर नव्या व्यासाला जुन्याने भागून येणाऱ्या आकड्याने जुने प्रमाण गुणावे. उत्तर ४.७४ येते, आणि बाजारात त्याच्या जवळची जोडी ४.८८ ची मिळते. गाडी ओझे ओढणार, की बहुतांश सडकेवरच धावणार, याचा विचार करून त्यात एखादी पायरी वर-खाली करावी. मात्र केवळ मोठ्या आकड्याच्या मोहात पडू नये. ४.१० मध्ये पिनियनला १० दात असतील तर ४.८८ मध्ये ८ च उरतात, त्याचे डोके बारीक होते आणि दणका ते तितका सोसत नाही.

खरेदीपूर्वी तीन गोष्टींची चौकशी करावी. चारही चाके जोडून चालणाऱ्या गाडीत पुढच्या व मागच्या आसाचे प्रमाण एकच असले पाहिजे, अन्यथा घट्ट जमिनीवर दोन्ही आस एकमेकांशी झगडून यंत्रणा मोडतात. म्हणजे खर्च दोन जोड्यांचा धरावा. दुसरे, पिनियन बारीक झाले की क्राऊन त्याच्याजवळ आणावा लागतो, यास्तव काही आसांत क्राऊनला धरणारे कॅरिअरही बदलावे लागते. जुन्या डाना ४४ आसात ३.७३ पर्यंतच्या जोड्यांना एक आणि ३.९२ पासून पुढच्यांना दुसरे लागते. तिसरे, काही पुढच्या आसांत दातांचा पीळ उलट दिशेचा असतो, तेव्हा आसाचा नेमका प्रकार दुकानदारास कळविल्यावाचून मागणी नोंदवू नये. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच घासून जुळविलेले असतात; दोहोंवरचे क्रमांक जुळतात याची खातरजमा करावी.

बसविण्याचे काम मात्र हजारांश इंचांचे आहे. पिनियन क्राऊनच्या मध्याकडे किती आत जाते, हे पातळ चकत्या, म्हणजे शिम, घालून ठरवावे लागते. पिनियनच्या बेअरिंगवर आधीच किती ताण यावा, हे ते फिरविण्यास लागणारा जोर मोजून पाहतात. आणि दोन्ही चक्रांच्या दातांमधला प्ले, बहुधा ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, डायल गेजने तपासतात. काही आसांत बेअरिंगवरचा ताण चेपल्या जाणाऱ्या नळीने साधतात. ती एकदा प्रमाणाबाहेर चेपली गेली की टाकूनच द्यावी लागते. बेअरिंगची टोपणे डाव्या-उजव्याच्या खुणा करून काढावीत व ज्या जागेची त्याच जागी परत बसवावीत, कारण ती हौसिंगबरोबरच घडविलेली असतात.

मापे जुळल्यावरही निवाडा दातच देतात. जुन्या कारागिरांचा शिरस्ता असा की शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या काही दातांना पातळ लेप द्यावयाचा, क्राऊनला हलका अडसर लावून पिनियन दोन्ही दिशांना फिरवावयाचे आणि लेप पुसला जाऊन उमटलेली खूण निरखावयाची. खूण दाताच्या मध्यावर असेल तर काम साधले. ती दाताच्या मुळाशी उतरली असेल तर पिनियन फार आत गेले, म्हणून शिम कमी करावा. माथ्याकडे सरकली असेल तर वाढवावा. आणि दर फेरबदलानंतर प्ले पुन्हा मोजावा. जाणकार कारागीरही यासाठी आस अनेकदा उघडतो. पहिल्याच जुळणीवर समाधान मानणाऱ्याच्या कामावर इतबार ठेवणे धोक्याचे.

या दातांत लोळणीबरोबर घर्षणही भरपूर असते, यामुळे जीएल-५ प्रतीचे तेल घालणे अगत्याचे आहे. नवी जोडी आरंभी फार तापते. पहिले २५-३० किलोमीटर सावकाश चालवून तिला निवू द्यावे, पुढचे सुमारे ८०० किलोमीटर ओझे ओढू नये आणि मग तेल बदलावे. स्पीडोमीटरही नव्या प्रमाणाबरहुकूम दुरुस्त करून घ्यावा.

गाडी ताब्यात घेताना शिमची जाडी, प्ले आणि बेअरिंगचा ताण यांचे आकडे कारागिराकडून लेखी घेऊन दफ्तरी ठेवावेत. पुढे आवाज निघाला तर झीज आणि जुळणी यांपैकी दोष कशात आहे, हे तोच कागद सांगतो. आणि असा कागद द्यायला जो का-कू करतो, त्याच्या हाती आस सोपवू नये.