अंग बाहेर येते, हे कुणाला सांगायचे?

माझ्या खाला कित्येक वर्षे खुर्चीवर बसून नमाज पढत. घरात सगळ्यांना वाटे, गुडघे दुखत असतील. त्याही तसेच सांगत. दोन वर्षांपूर्वी एका रात्री त्यांना लघवीच होईना. पोट फुगले, वेदना सहन होईनात. तेव्हा सुनेचा हात धरून त्या हळूच म्हणाल्या, "बेटा, गुडघ्याचं काही नाही. माझं अंग बाहेर येतं. तुझा नवरा दुसरीत होता तेव्हापासून."

तो मुलगा आज पस्तिशी ओलांडून गेला आहे. म्हणजे अठ्ठावीस वर्षे खालांनी हे दुखणे एकटीने सोसले. ना नवऱ्याला सांगितले, ना सख्ख्या बहिणीला. वाकले की काहीतरी खाली उतरायचे, म्हणून सजदा सुटला. लघवी थेंबथेंब गळायची, म्हणून दिवसातून कितीदा तरी वुजू. लग्नकार्याला जाणेही त्यांनी बंद केले होते. आम्ही म्हणायचो, "खालांचा स्वभावच एकलकोंडा."

हा लेख त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. त्या म्हणाल्या, "माझं नाव नको, पण लिही. माझ्यासारख्या पुष्कळ असतील."

हे दुखणे काय आहे?

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भपिशवी, लघवीची पिशवी आणि शौचाचे आतडे यांना ती खालून आधार देते. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. बाळंतपणे जास्त झाली, कळा फार वेळ चालल्या, ओल्या बाळंतिणीने हंडे-कळशा उचलल्या, वर्षानुवर्षे खोकला किंवा बद्धकोष्ठ राहिले, वजन वाढले, तर ती आणखी सैल पडते. पाळी गेल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते आणि हा सैलपणा वाढतो. मग वरचे अवयव योनिमार्गात खाली सरकतात. डॉक्टर याला प्रोलॅप्स म्हणतात, आपल्या बायका 'अंग बाहेर येणे' किंवा 'पिशवी खाली येणे' म्हणतात.

खाली ओढल्यासारखे जड वाटणे, कंबर दुखणे, हाताला गोळा लागणे, लघवी पूर्ण न होणे किंवा शिंकताना गळणे, शौचाला त्रास होणे ही याची लक्षणे. संध्याकाळी त्रास वाढतो, आडवे झाले की बरे वाटते. हा कर्करोग नव्हे, संसर्गही नव्हे, आणि यात त्या बाईचा काही गुन्हा तर मुळीच नाही. मात्र पाळी गेल्यावर रक्त दिसले किंवा बाहेर आलेल्या भागावर जखम झाली, तर लगेच दाखवावे.

प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागत नाही

सुरुवातीच्या पायरीवर व्यायामाने बराच आराम पडतो. लघवी रोखून धरताना जे स्नायू आपण आवळतो, तेच काही सेकंद आवळून धरायचे आणि सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. हा व्यायाम लघवी करताना मात्र करू नये. दुसरा उपाय रिंगचा. डॉक्टर योनिमार्गात आधाराची रिंग बसवतात आणि ती ठरावीक काळाने काढून, धुऊन पुन्हा बसवतात. ज्यांना भूल झेपणार नाही किंवा शस्त्रक्रिया नको आहे, त्यांना ती उपयोगी पडते.

अंग सतत बाहेर राहते, लघवी अडते, चालणे-बसणे मुश्किल होते, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रियेत काय करतात?

खालांची गर्भपिशवी योनिमार्गातूनच काढली आणि सैल पडलेल्या पुढच्या-मागच्या भिंती टाके घालून घट्ट केल्या. पोटावर कुठेही चीर नाही. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला होता. त्याआधी रक्त, साखर, रक्तदाब आणि हृदयाच्या तपासण्या झाल्या.

पण पिशवी काढलीच पाहिजे असे प्रत्येक वेळी नसते. नुसत्या भिंती सैल असतील तर त्यांचीच दुरुस्ती करतात. वय लहान असेल, मूल हवे असेल, तर पिशवी जागेवर ठेवून पट्टीच्या आधाराने वर बांधता येते. अशा शस्त्रक्रियांत आपल्याच भागातल्या डॉक्टरांची नावे जगभर घेतली जातात. गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. पुरंदरे यांच्या पद्धती आजही त्यांच्याच नावाने शिकवल्या जातात.

जाळीबद्दलही विचारून घ्यावे. योनिमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळीने काही स्त्रियांना पुढे वेदना आणि जखमांचा त्रास झाला. म्हणून २०१९ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने या कामासाठी तिची विक्री थांबवायला लावली. पोटातून बसवायच्या जाळीची गोष्ट वेगळी, ती अजून वापरात आहे.

त्याच २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. म्हणून घाई न करता डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. माझे दुखणे कितव्या पायरीवर आहे? रिंग किंवा व्यायामाने भागेल का? पिशवी आणि बीजकोश ठेवता येतील का? पुन्हा त्रास होण्याची शक्यता किती? उत्तराने समाधान झाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीच्या पिशवीला इजा हे धोके कमी असले तरी असतात. काही जणींना काही वर्षांनी पुन्हा त्रास होतो, हेही आधी माहीत असावे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळेल का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड सोबत न्यावे.

घरी आल्यावर

लघवीची नळी एक-दोन दिवसांत निघते, दोन-चार दिवसांत घरी सोडतात. आणि इथेच आमची चूक झाली. वरून जखम दिसत नाही, खाला हिंडूफिरू लागल्या, म्हणून सगळ्यांना वाटले, बऱ्या झाल्या. नवव्या दिवशी पाहुणे आले आणि खालांनी सवयीने पाण्याची कळशी उचलली. रात्री रक्त जाऊ लागले, पुन्हा दवाखाना गाठावा लागला. अल्लाहचा शुक्र, टाके सुटले नव्हते. डॉक्टरबाई खालांना काही बोलल्या नाहीत. त्यांनी मुलाला विचारले, "घरात कळशी उचलणारं दुसरं कुणीच नव्हतं का?"

पहिले सहा आठवडे कळशी, गॅसची टाकी, नातवंडे, ओल्या कपड्यांची बादली यांतले काही उचलू नये. आतली जखम नीट भरायला तीन महिनेही लागू शकतात. मात्र अंथरुणाला खिळून राहू नये, रोज थोडे चालावे. पाणी, फळे, भाज्या भरपूर घेऊन शौचाला कुंथावे लागणार नाही असे पाहावे. कमोड किंवा कमोडची खुर्ची मिळाली तर बरे. थोडा स्राव काही आठवडे राहतो, विरघळणाऱ्या टाक्यांचे धागेही पडतात, त्याने घाबरू नये. पती-पत्नीने साधारण सहा आठवडे, डॉक्टर हो म्हणेपर्यंत दूर राहावे. हे पतीने समजून घ्यायचे आहे, बायकोला विनवणी करायला लावू नये.

ताप, जास्त रक्त, दुर्गंधी, लघवी अडणे, पोटरी सुजून दुखणे किंवा दम लागणे यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

नमाज आणि हया

खालांना सर्वांत मोठी काळजी नमाजची होती. हजरत इम्रान बिन हुसैन (र.) यांना मूळव्याध होती. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना नमाजबद्दल विचारले, तेव्हा उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून नमाज पढण्याची शिकवण त्यांना मिळाली. सहीह बुखारीत ही हदीस आहे. यात आपल्यासाठी सवलत तर आहेच, पण आणखी एक गोष्ट आहे. एका सहाबींनी आपले नाजूक दुखणे लपवले नाही, विचारले. अन्सारी स्त्रिया दीन शिकताना लाजत नसत, म्हणून हजरत आयशा (र.) त्यांची तारीफ करत. स्रावाच्या दिवसांतले वुजूचे मसले आलिमांना विचारावेत. राहिलेल्या रोजांची कजा नंतर करता येते. तपासणीसाठी डॉक्टरबाई मागाव्यात. त्या नसतील तर गरजेच्या वेळी पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्याची मुभा उलमांनी दिली आहे.

हया हा ईमानचा भाग आहे, पण दुखणे लपवून आयुष्य झिजवणे म्हणजे हया नव्हे.

चार महिन्यांनी डॉक्टरबाईंनी परवानगी दिली आणि खालांनी खुर्ची बाजूला सारून फज्रची नमाज पढली. सून सांगत होती, त्या सजद्यातून बराच वेळ उठल्याच नाहीत.

बहिणींनो, तुमच्या घरात आई, सासू, खाला, फुफी कुणी उगाच खुर्चीवर बसू लागली असेल, लग्नकार्य टाळत असेल, पुन्हापुन्हा मोरीत जात असेल, तर तिच्याजवळ बसा. दार लावून घ्या आणि तुम्हीच विचारा. ती स्वतःहून सांगेल याची वाट पाहू नका. आमच्या घरात ती वाट अठ्ठावीस वर्षे पाहिली गेली.