आशेचा पाया

आशावादी म्हणजे भाबडा आणि निराशावादी तेवढा व्यवहारज्ञ, अशी एक समजूत सुशिक्षितांत विशेष रूढ आहे. निराशेच्या बाजूचा पुरावा बहुधा भक्कम असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, तो सारा पुरावा मान्य करूनही मनुष्याने उद्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? छत्तीसगडच्या खाणकामगारांनी या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी नव्हे, तर विटांनी दिले आहे.

मुंबई-हावडा लोहमार्गावर, दुर्गच्या शेजारी, भिलाई पावर हाउस नावाचे स्थानक आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. तेव्हा मराठी माणसाला तो अगदीच परका म्हणता येत नाही. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज दक्षिणेकडील दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून येई, आणि ते फोडण्याचे व वाहण्याचे पुष्कळसे काम कंत्राटी मजूर हातांनी करीत.

१९७७ साली या मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली स्वतंत्र संघटना उभारली. पावसाळ्यापूर्वी झोपड्या शाकारण्यासाठी भत्ता मिळावा, ही त्यांची एक साधी मागणी होती. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला गोळीबार झाला आणि अकरा जण ठार झाले. पुढे संघटनेच्या पुढारी कुसुमबाई बाळंतपणात योग्य उपचारांअभावी दगावल्या. 'आपल्या नशिबी हेच' असे म्हणून स्वस्थ बसायला याहून अधिक कारण कोणते हवे होते?

मजुरांनी मात्र वेगळाच हिशेब मांडला. वाढलेली मजुरी दारूच्या गुत्त्यात जाते असे दिसताच त्यांनी दारूबंदीची मोहीम हाती घेतली. बायका तीत आघाडीवर होत्या. १९८२ मध्ये एक लहानसा दवाखाना निघाला. त्यानंतर स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून त्यांनी रुग्णालय बांधले. सरकारी अनुदान नाही, परदेशी देणगी नाही. उद्घाटनाचा दिवस ठरला ३ जून १९८३. ज्या तारखेला दरवर्षी केवळ शोक करावयाचा, त्याच तारखेला रोग्यांसाठी दारे उघडली. रुग्णालयाचे नाव शहीद अस्पताल. 'संघर्ष आणि निर्माण' ही नियोगींची जोडघोषणा होती. तिच्यातील दुसरा शब्द अनेक चळवळींना पेलत नाही.

या कथेचा शेवट गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची झोपेत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी खासगी कारखान्यांतील कामगार, काढून टाकलेल्यांना परत घ्यावे यासाठी, पावर हाउस स्थानकाच्या रुळांवर बसले. त्या संध्याकाळी पोलिसांच्या गोळीबारात सोळा कामगार मरण पावले. एका पोलीस अधिकाऱ्याचाही अंत झाला. आशा बाळगणाऱ्याचे घर सुरक्षित राहते, असा नियम सृष्टीत कोठेही लिहिलेला नाही.

आजही १ जुलैला पावर हाउसजवळ कामगार जमतात आणि मृतांची नावे घेतात. तिकडे राजहऱ्याला, त्या दिवशीही, आसपासच्या खेड्यांतून आलेले रोगी शहीद अस्पतालाच्या ओसरीवर आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात.