खेळातला थेंब उलटा का गेला?

२०१७ सालच्या फवारणीच्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पऱ्हाटीवर फवारता फवारता शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, काही घरांतला कर्ता माणूस गेला. ती आठवण ठेवून आमच्या गटातल्या मुलींनी संगणकावर एक खेळ तयार केला. पंपातून थेंब उडतात, वारा त्यांना ओढून नेतो. निंदणारी बाई कुठं उभी करायची, ते आपण ठरवायचं. थेंब अंगावर आला की गुण कमी.

खेळ ‘स्क्रॅच’मध्ये केला. हे फुकट मिळतं. सूचनांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडत जायचे, की झाला प्रोग्रॅम.

पहिली चूक लगेच दिसली. थोड्या वेळानं पंप चालू, पण थेंबच नाही! स्क्रॅचमध्ये एका वेळी थेंबाच्या जास्तीत जास्त ३०० नकला राहू शकतात. मुलींनी जमिनीवर पडलेला थेंब लपवला होता, पुसला नव्हता. लपलेले थेंब जागा अडवून बसले. ‘लपव’च्या जागी ‘नक्कल पुसून टाक’ हा ठोकळा लावला, फवारा सुरू झाला.

दुसरी चूक मात्र गुपचूप बसलेली. खेळ छान चालत होता, पण वाऱ्याखाली उभी असलेली बाई वाचत होती. आम्ही वारा वाढवला आणि एकेका जातीचा थेंब सोडून पाहिला. मोठा थेंब बरोबर गेला, मधला बरोबर गेला, बारीक थेंब वाऱ्याच्या उलटा! आधी तिन्ही थेंबांत वाऱ्यापुढं वजा चिन्ह चुकून पडलं होतं. दोन ठिकाणी काढलं, तिसरं राहून गेलं. खऱ्या शेतात बारीक थेंबच सगळ्यात लांब वाहत जातो. म्हणजे खेळ नेमकी धोक्याची जागा सुरक्षित सांगत होता. बंद पडणारी चूक परवडली, खोटं शिकवणारी नाही.

चूक का राहिली? एकच सूचना तीन ठिकाणी लिहिली म्हणून. गटाच्या व्याजाचा दर तीन वह्यांत लिहिला, दोन वह्यांत बदलला, तर हिशोब जुळेल का? म्हणून मुलींनी तीन थेंबांचा एकच थेंब केला. आकार तेवढा वेगळा, वाऱ्याची सूचना एकदाच. आता बदल एका जागी केला की सगळीकडं लागू. खेळ दिसायला तोच, आतली मांडणी नीट. याला प्रोग्रॅमर ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात.

मुलींनी तीन नियम भिंतीवर लावलेत. आधी जुनी प्रत जपून ठेवा. चूक काढणं आणि आवराआवर एकाच वेळी करू नका. एका वेळी एकच बदल करा आणि लगेच चालवून बघा.

आणि मैत्रिणींनो, खेळ म्हणजे शेत नव्हे. शेतात वारा क्षणात फिरतो. फवारणी सुरू असताना वाऱ्याच्या खालच्या अंगाला थांबू नका, त्या तासात निंदायला बसू नका, लेकरांना धुऱ्यावर ठेवू नका. वारा जोरात असेल तर फवारणीच थांबवायला सांगा. खेळातली चूक पुसता येते, शेतातली नाही.