पोटावरची सैल त्वचा आणि शस्त्रक्रिया

आहार आवरला व व्यायाम नियमाने केला म्हणजे पोट उतरते, असे आम्ही वैद्यकातील माणसे सांगत आलो आहोत. आणि ते खरेही आहे. परंतु ज्याने तीस-चाळीस किलो वजन उतरवले, त्याच्या पोटावरची कातडी कित्येकदा सैल लोंबत राहते. बाळंतपणांनंतरही काहींच्या बाबतीत हे घडते. लोक म्हणतात, ‘आणखी व्यायाम करा.’ पण व्यायामाने स्नायू बळकट होतात, चरबी झडते; त्वचेतील ताणून निकामी झालेले लवचिक तंतू मात्र पूर्ववत होत नाहीत.

हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. घडीखाली घाम साचतो, बुरशी धरते, कातडी सोलवटते, दुर्गंधी येते; चालणे-वाकणे जड होते. अशा माणसाला आळशी म्हणून हसणे अन्यायाचे होय.

यावरील शस्त्रक्रिया जुनी आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील हॉवर्ड केली यांनी १८९९ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६७ साली ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी ३०० रुग्णांवरील आपला अनुभव मांडला.

तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात लोंबणारी घडी तेवढी कापून काढतात. दुसऱ्यात ओटीपोटावर आडवा छेद घेऊन त्वचा व चरबी बरगड्यांपर्यंत सोडवतात. फाकलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात. त्वचा खाली ओढून जास्तीची कापतात. बेंबी आपल्या देठावर जागीच राहते. तिच्यासाठी वरच्या त्वचेला नवे छिद्र पाडतात.

मग धोका नाही काय? आहे. जखमेत पाणी साचते, पू होतो, कडेची कातडी मरते. क्वचित पायाच्या शिरेतील गुठळी फुप्फुसात जाऊन प्राणावर बेतते. धूम्रपान करणाऱ्याची जखम नीट भरत नाही. म्हणून काही आठवडे आधीच ते सोडावे लागते. मधुमेह ताब्यात हवा, वजन काही महिने स्थिर हवे. पुढे मूल हवे असल्यास थांबणे बरे. आडवा व्रण तर जन्माचा सोबती.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : ही वजन उतरवण्याची युक्ती नव्हे. वजन आधी आपणच उतरवायचे. शस्त्रक्रिया त्यानंतर उरलेले ओझे तेवढे काढते. त्या ओझ्याने जो खरोखर गांजला आहे, त्याने लाजू नये. आणि जो गांजलेला नाही, त्याने केवळ हौसेपायी घाई करू नये.