जहाजाचा रंग आणि समुद्री गोगलगाय

जहाजाच्या पाण्याखालील भागावर बार्नॅकल, शेवाळ, शिंपले चिकटून वाढतात. घर्षण वाढते, इंधन जास्त लागते आणि परके जीवही दूरच्या बंदरांत पोहोचतात. मूळचा कॅरिबियन भागातला मायटिलॉप्सिस हा शिंपला विशाखापट्टणम व मुंबईच्या बंदरांत असाच शिरला. म्हणजे हा थर रोखणे जैवविविधतेच्याही हिताचेच.

१९७० च्या दशकात यावर नामी उपाय निघाला. ट्रायब्युटिल टिन (टीबीटी) बहुवारिकाच्या साखळीला एस्टर बंधाने जोडले. समुद्राच्या पाण्यात जलअपघटनाने हा बंध हळूहळू तुटतो, विष सुटते आणि झिजणारा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने रचना देखणीच! पण सुटलेले विष जहाजापाशी थांबत नाही. लिटरमागे काही नॅनोग्रॅम टीबीटीने काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांत नराचे अवयव वाढू लागतात. अंडवाहिनी बुजली की अंडी बाहेर पडत नाहीत. या विकृतीला इम्पोसेक्स म्हणतात. फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांचे उत्पादन कोसळले, तेव्हा १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हा रंग लावण्यास तेथे बंदी आली. जागतिक करार २००१ चा. तो लागू झाला १७ सप्टेंबर २००८ रोजी.

आज तांबेयुक्त रंग जास्त वापरतात, तेही निरुपद्रवी नव्हेत. सिलिकोनचा लेप विषाविना काम करतो. त्याची पृष्ठऊर्जा कमी असल्याने चिकटलेले जीव जहाज वेगात असताना निसटतात. बंदरात महिनाभर उभ्या राहिलेल्या जहाजाला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, आणि परके शिंपले चढतात ते नेमके तिथेच.