‘सेट’ या शब्दाचा संसार

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस मोठमोठ्या शब्दांची धास्ती वाटते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचा अनुभव याच्या अगदीं उलट आहे. लांबलचक शब्द एकदां कोशांत पाहिला कीं त्याचा अर्थ बहुधा कायमचा हातीं येतो. जे चिमुकले शब्द जातां येतां भेटतात, तेच विद्यार्थ्यास खरा चकवा देतात.

परवां आमच्याच घरीं याचा प्रत्यय आला. आठवींत शिकणारी आमची पुतणी रात्रीं इंग्रजी उताऱ्याचें मराठी भाषांतर करीत बसली होती. डॉक्टरांनीं एका मुलाच्या हाताचें मोडलेलें हाड ‘सेट’ केलें, असें त्यांत एक वाक्य होतें. तिनें कोश उघडला, शब्दापुढचा पहिला अर्थ उचलला आणि लिहिलें, “डॉक्टरांनीं हाड ठेवलें.” तिचा थोरला भाऊ तें वाचून मोठ्यानें हंसला. पोरीचे डोळे भरून आले. “काका, सूर्य ‘सेट’ होतो म्हणजे मावळतो, असें काल शिकवलें. मग हाडसुद्धां मावळलें म्हणूं का? मला इंग्रजी कधींच यायचें नाहीं!” असें म्हणून तिनें वही मिटली.

देवघरापाशीं आमच्या मातुःश्री वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर न करतांच विचारलें, “हाताचें हाड ना? मग ‘बसवलें’ म्हण कीं, बाळ!”

मातुःश्रींस इंग्रजीचें एक अक्षरहि येत नाहीं. तथापि त्यांचें उत्तर नुसतें बरोबर होतें असें नव्हे. त्या शब्दाची किल्लीच त्यांनीं नकळत नातीच्या हातीं दिली होती.

‘सेट’ हा शब्द कोशकारांमध्यें प्रसिद्ध आहे. ज्या ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला व जो पुरा होण्यास १९२८ साल उजाडलें, त्याची दुसरी आवृत्ति १९८९ सालीं २० खंडांत प्रसिद्ध झाली. तींत या एवढ्याशा शब्दाचे ४३० अर्थ नोंदलेले असून त्यांच्या विवरणास सुमारें ६०,००० शब्द लागले आहेत. म्हणजे एक बेताचें पुस्तकच झालें! पुढें त्याचा हा मान ‘रन’ या शब्दानें हिरावून घेतला. नव्या आवृत्तीच्या कामांत ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. पूर्वीं माणसें आणि जनावरें धांवत. यंत्रयुग आल्यावर गिरण्या, आगगाड्या आणि कारभारहि इंग्रजींत ‘धांवूं’ लागले.

आतां एवढे अर्थ कोणी पाठ करावयाचे? आमचें उत्तर असें कीं, कोणींहि करूं नयेत. इंग्रजींत ‘सिट’ म्हणजे बसणें आणि ‘सेट’ म्हणजे मुळांत बसविणें. बसणें-बसविणें ही आपली जोडी जशी, तशीच ती जोडी. हें मूळ ध्यानांत ठेविलें म्हणजे विस्कळित दिसणारे अर्थ एका कुटुंबांतील माणसांप्रमाणें ओळखूं येतात. सोनार अंगठींत खडा बसवितो, वैद्य हाड बसवितो, गवई गीतास चाल बसवितो, शेतकरी कोंबडी अंड्यांवर बसवितो. या चारहि ठिकाणीं इंग्रज ‘सेट’ हेंच क्रियापद वापरतो. जेथें आपण निराळें क्रियापद योजतों, तेथेंहि मूळ कल्पना लपत नाहीं. घड्याळ लावणें, जेवणाचें टेबल मांडणें, छापखान्यांत खिळे जुळविणें, प्रश्नपत्रिका काढणें, या सर्वांत कांहींतरी योग्य जागीं नेऊन स्थिर करणें आहेच. दही लागतें, सिमेंट घट्ट होतें, तेंहि एका परीनें स्थिर बसणेंच. आणि सूर्य तरी दिवसभर चालून संध्याकाळीं खालीं टेकतोच कीं!

या शब्दाचें आपल्याशीं दूरचें नातेंहि आहे. ‘सिट’ आणि ‘सेट’ हीं ज्या प्राचीन मुळापासून निघालीं, त्याच मुळाचा संस्कृत धातु ‘सद्’ हा होय. सदन, सभासद, परिषद् आणि साक्षात् उपनिषद् हीं सारीं त्याचीच संतति.

परंतु चहाच्या कपबशांचा सेट, दागिन्यांचा सेट, येथें हें मूळ पुरतें लागू पडत नाहीं, अशी शंका चौकस वाचक घेतील. ती रास्त आहे. समूह या अर्थाचा ‘सेट’ हा मुख्यतः निराळ्या घराण्यांतला आहे. अनुसरण करणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून अनुयायांच्या पंथाचें नांव झालें, तें फ्रेंचमधून इंग्रजींत आलें आणि उच्चारसाम्यामुळें जुन्या ‘सेट’मध्यें मिसळून गेलें. त्या लॅटिन धातूचा संस्कृतांतील भाऊ ‘सच्’, म्हणजे सोबत असणें. आपला ‘सचिव’ त्याचाच. दोन घराण्यांची मुलें एकाच नांवानें एका वाड्यांत नांदूं लागलीं, तर पाहुण्याचा गोंधळ व्हावयाचाच!

हा गोंधळ इंग्रजींतच आहे असें मात्र कोणीं समजूं नये. बहिणीस हंसणाऱ्या आमच्या पुतण्यास आम्हीं त्याच रात्रीं एक काम सांगितलें: ‘बसणें’ या शब्दाचे अर्थ लिहून काढ. चार-पांच अर्थ होतील, या भरंवशावर तो बसला. घसा बसतो, गाळ बसतो, मार बसतो, कर बसतो, विश्वास बसतो, दांतखीळ बसते, सदरा अंगाला नीट बसतो. वहिनींनीं स्वयंपाकघरांतून दोन सांगितले, दादांनीं कचेरींतले तीन सांगितले, आणि निजानीज होईपर्यंत यादी चाळिसाच्या पुढें गेली. त्यांतली मौज तर पाहा. एखाद्याचा जम बसला म्हणजे त्याची भरभराट झाली, आणि त्याचा धंदा बसला म्हणजे तो बुडाला! मराठी शिकणाऱ्या परक्या माणसानें येथें काय करावें? मोल्सवर्थसाहेबांनीं १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हां अशा शब्दांनीं त्यांची किती परीक्षा पाहिली असेल, याची कल्पना त्या यादीवरून आम्हांस प्रथमच आली. पुतण्याचें हंसूं तर केव्हांच मावळलें होतें.

हल्लीं पुष्कळ घरांतील मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात. मराठी ही तोकडी भाषा, अशी त्यांची समजूत होऊं लागते. उलट घरांतील वडीलधारीं माणसें इंग्रजीच्या अभ्यासापासून आपण होऊन दूर राहतात. दोन्हींमुळें घराचें नुकसान होतें. इंग्रजीचा अडलेला शब्द चार माणसांत मोठ्यानें विचारावा. वातींपाशीं बसलेल्या आजीसहि विचारावा. शब्दाचा अर्थ कोणता, असें न विचारतां हा शब्द येथें कोणाच्या सोबतीनें आला आहे, असें मुलांस विचारावयास शिकवावें. हाडाच्या सोबतीनें आला तर एक, सूर्याच्या सोबतीनें आला तर दुसरा. यादी पाठ करून जें साधत नाहीं, तें या एका प्रश्नानें साधतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतणीनें आपली वही पुन्हां उघडली, ‘ठेवलें’ हा शब्द खोडला आणि त्यावर वळणदार अक्षरांत ‘बसवलें’ असें लिहिलें. मग ती वही घेऊन, आम्हांस न दाखवितां, आधीं आजीकडे गेली.